दोन वर्षांचा पाहुणा

किरगिझस्तानातल्या नारीन गावच्या अक-शुमकार भाषा केंद्रात प्रत्येकाला काही ना काही हुद्दा होता. बुरुलकान एजे, म्हणजे बुरुलकानताई, संचालिका होत्या. त्यांची भावजय सबिरा स्वयंपाकीण होती, लेखनिक होती आणि पालकांशी वाजलंच तर केंद्राची वकीलही होती. दाराशी स्टूल टाकून बसणारा म्हातारा पहारेकरी होता, आणि शेगडीत कोळसा टाकणाऱ्यालाही एजेंनी कौतुकाने 'उष्णता अधिकारी' केलं होतं. एमरिस प्यू मात्र पाहुणा होता.

पाहुणा सकाळी साडेसातला यायचा. इंग्रजीचे वर्ग घ्यायचा, वह्या तपासायचा, पालकांना भेटायचा, फळा पुसायचा आणि संध्याकाळी दिवे मालवून जायचा. उणे तीसमध्ये पहारेकरी रजा टाकायचा, पाहुणा टाकत नसे. महिन्याच्या शेवटी त्याला एक पाकीट मिळे आणि त्यावर सबिराच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं असे, 'पाहुण्याला प्रेमाने.' हजेरीपुस्तकात त्याचं नाव नव्हतं. वेळापत्रकात त्याच्या रकान्यात फुली होती. एवढं काम करणारा पाहुणा अख्ख्या खोऱ्यात कुणी पाहिला नव्हता, पण तसं बोलून दाखवायला कुणाचीच जीभ रेटत नव्हती, कारण नारीनमधल्या निम्म्या घरांतली पोरं त्याच्याकडे शिकत होती.

एमरिस मूळचा वेल्सचा. तिथल्या एका गावच्या नगरपालिकेत बावीस वर्षं त्याने एकच काम केलं होतं. चुकीच्या जागी गाडी लावणाऱ्यांना पत्रं लिहायची. पत्रं अतिशय सभ्य असत, आणि त्या सभ्यतेमुळेच लोक त्याला जास्त शिव्या देत. पुढे ती पत्रं यंत्र लिहू लागलं आणि एमरिस सत्तेचाळिसाव्या वर्षी घरी बसला. आयुष्यात एकदा तरी कुणीतरी आपल्याला पाहून आनंदावं, एवढ्या एका इच्छेपायी त्याने शिक्षक व्हायचं ठरवलं आणि किरगिझ राजधानी बिश्केक गाठलं.

बिश्केकमध्ये त्याने एकोणीस शाळांचे उंबरे झिजवले. परवाना असेल तर नोकरी देऊ, असं शाळा म्हणत. नोकरी असेल तर परवाना देऊ, असं सरकारी खातं म्हणे. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवून शांतपणे चहा पीत. खिशातले पैसे संपत आले असताना विसाव्या अर्जाला नारीनहून उत्तर आलं. त्यात ना पदवीची चौकशी होती, ना अनुभवाची. बुरुलकान एजेंनी एकच प्रश्न विचारला होता. मटण चालतं का?

चालतं म्हणाला आणि अडकला.

एजे लबाड होत्या असं कुणी समजू नये. परवान्याचा अर्ज त्यांनी खरोखरच आणला होता. त्याचं पहिलं पान भरूनही झालं होतं. दुसऱ्या पानावर 'नोकराचे पूर्ण नाव' असा रकाना आला आणि एजेंचा हात थांबला तो थांबलाच. घरी आलेल्या माणसाला नोकर लिहायचं? वर त्यासाठी बिश्केकला चार खेपा घाला, वर्षाचा कर भरा, साहेबांपुढे उभे राहा. मनाची लाज आणि खिशाची सोय इतकी छान एकत्र आली की लाज कोणती आणि सोय कोणती हे एजेंना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

"एजे, माझ्या कागदाचं काय झालं?" एमरिस दर महिन्याला विचारी.

"आगाय, तुम्ही उपाशी दिसताय," एजे म्हणत, आणि आत वळून ओरडत, "सबिरा, बोरसोक तळ गं."

परवान्याचा विषय निघाला की त्या तळलेल्या कणकेच्या गोळ्यांची कढई चढत असे. दोन वर्षांत एमरिसला परवाना मिळाला नाही, नऊ किलो वजन मात्र मिळालं. परदेशी पाहुण्याला एका खेपेला साठच दिवस राहायची मुभा होती; ते भरत आले की तो मोटारीत बसून कझाक हद्दीपर्यंत जाई, पलीकडे एक कप चहा पिई, आणि पारपत्रावर नवा शिक्का घेऊन पाहुणा म्हणून परत येई.

खरं तर त्याला पैशाचं फारसं पडलेलं नव्हतं. त्याला पडलं होतं ते एका शब्दाचं. तो वर्गात शिरला की वीस पोरं ताडकन उभी राहत आणि 'आगाय' म्हणत. आगाय म्हणजे गुरुजी. बावीस वर्षं ज्याला कुणी नावाने हाक मारली नव्हती, तो ती हाक पुरती ऐकायला दर सकाळी दारात क्षणभर रेंगाळे. आणि दर सकाळी त्याला आठवे की हे सगळं तोंडी आहे. फोनवर बहीण विचारी, "करतोस काय तू तिकडे?" तो म्हणे, "शिकवतो." ती म्हणे, "असेल बाबा." त्याला एक कागद हवा होता. जगात कुठेतरी, कोणत्याही भाषेत, शिक्का मारून लिहिलेलं असावं की एमरिस प्यू हा शिक्षक आहे. तोपर्यंत कुणीही साहेब येऊन त्याची दोन वर्षं फुंकर मारून उडवू शकत होता.

आणि साहेब येत असत. पहिल्यांदा आगीच्या बंबवाल्यांचे साहेब आले. त्यांनी विचारलं, "हे कोण?" एजे म्हणाल्या, "पाहुणे." पाहुणा म्हटल्यावर बोकड नाहीतर मेंढा कापणं आलं, नाहीतर पाहुणा कसला? मेंढा कापल्यावर साहेबांना जेवल्याशिवाय सोडता येईना, आणि जेवल्यावर साहेबांना आग विझवायची साधनं तपासता येईनात. ही युक्ती इतकी नामी ठरली की पुढे पाण्याचे साहेब आले, शिक्षणाचे आले, विजेचे आले, काही तर पुन्हा पुन्हा आले, प्रत्येकाला पाहुणा दाखवला गेला आणि प्रत्येक वेळी दारासमोरच्या मानाच्या जागी एमरिसला बसवून त्याच्यापुढे मेंढ्याचं शिजवलेलं डोकं ठेवलं गेलं. डोक्याचा मान पाहुण्याचा, आणि ते कापून वाटायचं कामही त्याचंच. पहिल्या वेळी त्या डोक्याने एमरिसकडे पाहिलं, एमरिसने त्याच्याकडे पाहिलं, आणि तो बाहेर जाऊन ओकला. मग एजेंनी त्याचा हात धरून त्याला सुरी चालवायला शिकवलं.

यंदाच्या मार्चमध्ये मात्र परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या खात्याचे साहेब येणार असल्याचा निरोप आला. या खात्याचा माणूस आजवर कधी आला नव्हता. एजेंनी सकाळी सगळ्यांना गोळा केलं.

"नीट ऐका," त्या म्हणाल्या. "आगाय शिकवत नाहीत. ते आमच्या घरी राहायला आलेत. नूरपेरी, काय सांगणार?"

बारा वर्षांची नूरपेरी वर्गातली सगळ्यांत बडबडी आणि सगळ्यांत हुशार मुलगी. ती म्हणाली, "आगाय आम्हाला काहीच शिकवत नाहीत."

"आगाय नाही म्हणायचं. पाहुणे म्हण."

"पाहुणे आम्हाला काहीच शिकवत नाहीत."

"शाब्बास. आणि आगाय, तुम्ही आज फक्त बसायचं. बावळट दिसा. काल उतरल्यासारखे. जमेल ना?"

"त्यात काय," एमरिस म्हणाला. "बावीस वर्षं सरकारी नोकरी केलीय."

त्याला भीती वाटत होती. त्याने आदल्या दिवशीच वर्गातलं स्वतःचं सगळं उचलून ठेवलं होतं. लाल पेन, चष्म्याची डबी, मुलांनी शिवून दिलेली टोपी. रिकामं टेबल पाहून त्याला आपण मेल्यासारखं वाटलं, आणि तसं तो सबिराला बोललाही. सबिराने त्याला खायला घातलं.

असनकादिर साहेब अकराला आले. वाळकं शरीर, जाड मिशी, काखेत फायलीची पिशवी. बापजाद्यांपासून याच खोऱ्यातले. त्यांनी आधी पारपत्र मागितलं आणि शिक्के मोजले. एकही दिवस जास्त झालेला नव्हता.

"वा," ते म्हणाले. "इतकं स्वच्छ पारपत्र फक्त दोन जणांचं असतं. निर्दोषाचं आणि फार हुशाराचं."

"आमचे पाहुणे निर्दोष आहेत, बाइके," एजेंनी त्यांना दादाच करून टाकलं. "आणि हुशार तर मुळीच नाहीत. चला, हात धुवा. भांडं उतरलंय."

"मी काम करायला आलोय, एजे."

"मेंढा कापलाय, बाइके."

कापलेल्या मेंढ्याला या खोऱ्यात नाही म्हणत नाहीत. साहेबांनी बूट काढले.

सगळे मागच्या खोलीत चादर पसरून बैठकीला बसले. एमरिस मानाच्या जागी, साहेब त्याच्या शेजारी, मग एजे, आणि दाराजवळ शिकवून तयार केलेली चार पोरं. सबिराने डोकं आणून एमरिसपुढे ठेवलं. एजेंनी त्याच्याकडे पाहून डोळे मोठे केले. बावळट दिस. एमरिसने आ वासला. भुवया वर केल्या. सुरी उलटी धरली. दोन क्षण तो खरंच काल उतरल्यासारखा दिसला.

मग सवयीने घात केला. दाराजवळ नूरपेरी शेजारणीच्या कानात काहीतरी कुजबुजत होती. एमरिसची नजर तिच्यावर गेली, आणि वर्गात जे होई तेच झालं. बोलणाऱ्या पोरीला ऐकायला लावायचं, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं. सुरी हातात सरळ झाली. एका कापात त्याने उजवा कान सोडवला, नूरपेरीपुढे धरला आणि मान हलवली. ऐकत जा. मग हात थांबेचना. दुसरा कान तिच्या शेजारणीला. टाळू सबिराला, तिच्या हाताला गुण आहे म्हणून. डोळा काढून अर्धा केला, एक भाग एजेंना दिला आणि एक स्वतःच्या ताटात घेतला, गाठभेट राहावी म्हणून. गालाचं मऊ मांस शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाला, म्हणजे साहेबांना. सगळं मिळून दोन मिनिटं लागली. सुरी पुसून त्याने पात्याची बाजू स्वतःकडे करून खाली ठेवली, तेव्हा साहेब आणि एजे दोघंही त्याच्या हातांकडे पाहत होते.

साहेबांनी गालाचं मांस चावून चावून खाल्लं. घाई केली नाही.

"एजे," ते म्हणाले, "हे पाहुणे कधी आले म्हणालात?"

"या खेपेला महिना झाला असेल," एजे म्हणाल्या.

"माझा धाकटा जावई गेली नऊ वर्षं माझ्या घरी जेवतोय. त्याला अजून डोकं कापताना जबड्याचा सांधा सापडत नाही. परदेशी पाहुण्यापुढे डोकं ठेवलं की तो फोटो काढतो, नाहीतर बाहेर पळतो. ह्याने हाड न लागू देता टाळू सोडवली. किती डोकी झाली ही? सहा? सात?"

"आठवं," एमरिस म्हणाला. तो खोटं बोलण्यात पहिल्यापासून कच्चा होता.

एजेंनी कपाळाला हात लावला. साहेबांनी हात पुसले आणि ते पोरांकडे वळले.

"काय गं, तू. ह्यांनी तुला काय शिकवलं?"

नूरपेरी ताडकन उभी राहिली. समोर साहेब होते, शेजारी आगाय होते, आणि परीक्षा द्यायची तर ती उत्तम द्यायची असं तिच्या अंगात मुरलेलं होतं. तिने हात पाठीमागे बांधले आणि खणखणीत, अस्खलित इंग्रजीत, वेल्सच्या हेलासकट सांगितलं की, महोदय, आपणांस कळवण्यास अत्यंत खेद होतो की, सदर गृहस्थांनी आम्हांस आजतागायत काहीही शिकवलेले नाही, तरी कृपया नोंद घ्यावी.

एमरिसने मान खाली घातली. आपल्या जन्मात इतकं शुद्ध वाक्य आपल्याकडून कुणी शिकलं नव्हतं, या अभिमानाने त्याचे डोळे भरून आले होते. कुणाला दिसू नये म्हणून तो ताटातल्या शेवयांत बोटं फिरवत राहिला.

"काही न शिकवता बरं येतं हिला," साहेब म्हणाले.

त्यांनी पिशवीतून दोन कागद काढले आणि ताटं सरकवून चादरीवर मांडले. "हे बघा, मी वाईट माणूस नाही. तुमचं मीठ आत्ताच खाल्लंय. हा पहिला कागद पाहुण्याचा. पाहुणा पुष्कळ राहिला, आता निघतोय. तुम्हाला दंड नाही, आणि तो पुढच्या वर्षी परत येऊ शकतो. दुसरा कागद विनापरवाना कामाचा. त्यात दहा दिवसांत देश सोडायचा आणि पाच वर्षं पाऊल टाकायचं नाही. केंद्राला दंड. जितके वर्ग घेतले, तितक्या पटीने. बोला, कोणता भरू?"

"पहिला," एजे म्हणाल्या. "देवाशपथ पहिला. पाहुणेच आहेत ते."

"तुम्ही काय म्हणता, पाहुणे?"

एमरिसने एजेंकडे पाहिलं. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. दंड भरावा लागला तर छप्पर विकायची वेळ येणार होती. त्याची दोन वर्षं एका बाजूला, हे घर दुसऱ्या बाजूला. त्याला फार वेळ लागला नाही. दुःख मात्र झालं.

"पाहुणा," तो म्हणाला.

साहेबांनी चष्मा लावला आणि ते मोठ्याने वाचत लिहू लागले. खात्याची रीतच तशी होती, नंतर कुणी ऐकलं नाही म्हणू नये.

"नाव, एमरिस प्यू. वय, एकोणपन्नास. व्यवसाय, नाही. शिक्षणाचा उपयोग, नाही. सदर इसम बुरुलकान यांच्या घरी दोन वर्षं राहिला. काही करत नाही. खातो."

"काय लिहिलंत?" एजे म्हणाल्या.

"काही करत नाही. खातो. पाहुणा म्हटलं की असंच लिहावं लागतं, एजे. दोन वर्षं बसून खाणाऱ्याला दुसरं काय म्हणणार? सही करा, पाहुणे."

एमरिसने पेन हातात घेतलं.

"थांबा," एजे म्हणाल्या. "काही करत नाही म्हणजे काय? हा? हा काही करत नाही?"

"वन्स," सबिरा आतून म्हणाली, "गप्प बसा."

"तू गप्प बस. आयतं खाणारा म्हणतायत माझ्या घरच्या माणसाला, माझ्याच बैठकीत, माझ्याच पोरांसमोर! बाइके, तुम्हाला माहितेय का, जानेवारीत नळ फुटले तेव्हा शाळेत कोण आलं? पहारेकरी नाही आला, मी नाही आले. हा आला. अंगावर दोन कोट घालून वर्ग घेतला ह्याने. पाच वर्ग घेतो रोज. पाच! दोनशे वह्या घरी नेतो. दुकानदार सुलैमानची मुलगी बिश्केकच्या परीक्षेत पहिली आली ती कुणामुळे? दोन वर्षांत एक सुट्टी नाही त्याची. ताप होता तरी आला, मी परत पाठवला तर मागच्या दाराने आला."

"हळू, एजे," साहेब म्हणाले. "लिहितोय."

त्यांनी दुसरा कागद पुढे ओढला होता. एजेंना ते दिसलं, आणि दिसूनही त्या थांबल्या नाहीत. दोन वर्षं कोंडून ठेवलेलं एकदम सुटलं की असंच होतं. त्या बोलत गेल्या, साहेब लिहीत गेले, आणि शेवटी एजेंचा दम संपला तेव्हा पान भरलं होतं. साहेबांनी पिशवीतून गोल शिक्का काढला, त्यावर फुंकर मारली आणि कागदावर दाबला. एक प्रत त्यांनी एमरिसला दिली, आभार मानले, जेवणाची स्तुती केली आणि ते बूट घालायला बाहेर गेले.

एजे मटकन बसल्या. "मी काय केलं हे," त्या म्हणाल्या. "आगाय, मीच घालवला रे तुला."

एमरिस कागद वाचत होता. किरगिझ त्याला सावकाश वाचता येई, म्हणून तो बोट ठेवून वाचत होता. 'एमरिस प्यू, व्यवसाय शिक्षक. अक-शुमकार केंद्रात दोन वर्षे सातत्याने, नियमितपणे व परिणामकारकरीत्या विनापरवाना अध्यापन केल्याचे सिद्ध झाले आहे.' खाली सरकारचा निळा शिक्का. तो हसत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि दोन्हीपैकी काहीही लपवायची त्याला गरज वाटत नव्हती.

"हद्दपारीचा हुकूम आहे तो," सबिरा म्हणाली. "हसताय काय?"

"मोठ्याने वाच," एजे म्हणाल्या.

त्याने वाचला. पोरं जवळ सरकून ऐकू लागली. 'दररोज पाच वर्ग' या शब्दांपाशी नूरपेरीचा चेहरा उतरला.

"पाच कसे?" ती म्हणाली. "आमचा संध्याकाळचा वर्ग धरला तर सहा होतात. आम्ही मोजण्यातच नाही का?"

सबिराने एजेंकडे पाहिलं आणि मान जोरजोरात हलवली, नको म्हणून. बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला. एजेंनी एमरिसच्या हातातून कागद घेतला, एकदा नीट वाचला, डोक्यावरचा रुमाल घट्ट केला आणि त्या मोजे घातलेल्या पायांनीच बर्फात धावत सुटल्या.

"बाइके," त्या ओरडत होत्या, "ओ बाइके, थांबा. एक वर्ग राहिलाय."